जिवाणूंची जनुकं, त्यांचं काम आणि त्यांचे आपसातले संबंध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुलं-मुली, कृषी पदविकेचे विद्यार्थी आणि पेरणीच्या आधी बियाण्याला जिवाणू संवर्धक लावणारे शेतकरी हे प्रश्न फिरून फिरून पाठवतात. सोप्यापासून अवघडाकडे असा क्रम ठेवला आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे एकाच गोष्टीची दोन टोकं येतात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जनुकाचं काम म्हणजे नेमकं काय हो सर? पुस्तकात तर प्रत्येक जनुकापुढे एकच ओळ असते.

त्या एका ओळीत तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूचं लॅक-झेड जनुक घ्या. त्यापासून बनणारं प्रथिन लॅक्टोज ही दुधातली साखर फोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करतं. हे झालं रासायनिक काम. पेशीला त्यामुळे लॅक्टोजवर जगता येतं. ही झाली पेशीतली भूमिका. आणि ते जनुक मोडलं, समोर फक्त लॅक्टोज ठेवलं, तर पेशी वाढत नाही. हा झाला दिसणारा परिणाम. तीच मोडकी पेशी ग्लुकोजवर ठेवा, धडधाकट पेशीपासून ओळखू येणार नाही. जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये या जनुकांच्या गटाचं नियंत्रण उलगडलं आणि १९६५ मध्ये ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं, ते अशा मोडक्या पेशींच्याच आधारावर.

परीक्षेत "जनुकाचं काम लिहा" असं आलं तर तिन्हींपैकी कशाबद्दल लिहिताय ते आधी सांगा. आणि परिस्थिती सांगितल्याशिवाय तिसरी गोष्ट लिहूच नका.

२. सगळे ई. कोलायच का वापरतात? तो तर घाण पाण्यातला जंतू ना?

विहिरीच्या पाण्यात ई. कोलाय सापडला तर त्या पाण्यात विष्ठा मिसळते आहे, हे खरंच. प्रयोगशाळेतला के-१२ हा वाण मात्र १९२२ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला एका रुग्णाच्या विष्ठेतून वेगळा केला गेला आणि तेव्हापासून प्लेटवरच वाढतो आहे. त्याने रोग होत नाही. चांगल्या मीडियात (म्हणजे वाढीसाठी दिलेल्या अन्नात) तो साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्याचा पूर्ण जनुकसंच १९९७ मध्ये वाचला गेला: सुमारे ४६ लाख बेसजोड्या (डीएनएची अक्षरं), ४,३०० च्या आसपास जनुकं.

इतका हाताळलेला जीव, तरी २०१९ सालच्या आढाव्यात त्याच्या जवळपास एकतृतीयांश जनुकांचं काम प्रयोगाने पक्कं झालेलं नव्हतं. अशा जनुकांची नावं बहुतेक वेळा वाय या अक्षराने सुरू होतात. माझ्या मते पदवीच्या पहिल्याच वर्गात ही गोष्ट सांगायला हवी, कारण मुलांना वाटतं की जे शोधायचं ते शोधून झालं.

३. जनुक काढून टाकतात म्हणजे हाताने काय करतात?

सध्याची रुळलेली रीत डॅट्सेन्को आणि वॅनर यांनी २००० मध्ये दिली. कॅनामायसिन या प्रतिजैविकाला प्रतिकार देणारं जनुक पीसीआरने (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या रीतीने) वाढवायचं, पण त्याच्या दोन्ही टोकांना जे जनुक काढायचं आहे त्याच्या शेजारचा मजकूर जोडायचा. पेशीत लॅम्डा या विषाणूची तीन प्रथिनं आधीच तयार असतात. ती हा तुकडा नेमक्या जागी बसवतात आणि मूळ जनुक बाहेर पडतं. मग सगळा माल कॅनामायसिनच्या प्लेटवर पसरायचा; जिथे बदल झाला तीच पेशी कॉलनी (डोळ्यांना दिसणारा पेशींचा ठिपका) करते.

जपानच्या केइओ विद्यापीठातल्या गटाने याच रीतीने एकेक जनुक काढत २००६ मध्ये ३,९८५ जनुकांचे म्यूटंट (जनुक बदललेले वाण) जाहीर केले. ३०३ जनुकं काढताच आली नाहीत. त्यांच्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

४. जनुक काढलं, पण कॉलनी तशीच आली. म्हणजे ते निकामी होतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा "प्रयोग फसला" असं मनात धरूनच विचारलेला असतो. प्रयोग फसलेला नाही. त्या निकालाला दोन खिडक्या आहेत.

पहिली परिस्थितीची. प्रयोगशाळेतला मीडिया म्हणजे जिवाणूसाठी आयतं ताट: अन्न भरपूर, ऊब ३७ अंशांची, शत्रू नाही. मीठ वाढवा, आम्लता वाढवा, लोह कमी करा, थोडंसं प्रतिजैविक घाला, आणि गप्प बसलेली जनुकं बोलू लागतात. २०११ मध्ये केइओ संग्रहातले (प्रश्न ३) जवळजवळ चार हजार म्यूटंट ३२४ वेगवेगळ्या परिस्थितींत वाढवून पाहिले गेले आणि दहा हजारांहून जास्त परिणाम नोंदले गेले. त्यातले किती तरी परिणाम साध्या प्लेटवर कधीच दिसले नसते.

दुसरी खिडकी जोडीदाराची. तेच काम दुसरं जनुकही करत असेल तर एक गेल्याने काही बिघडत नाही. हे ओळखायला दोन्ही एकदम काढावी लागतात. ते प्रश्न ६ मध्ये आहे.

म्हणून वहीत "फरक नाही" एवढंच लिहू नका. कोणता मीडिया, किती तापमान, किती तास, हे सोबत लिहा. त्याशिवाय त्या दोन शब्दांना काही किंमत नाही.

५. दोन जनुकांची आंतरक्रिया म्हणजे ती एकमेकांना चिकटतात का?

नाही. चिकटतात ती प्रथिनं, आणि तो अभ्यास वेगळा. जनुकीय आंतरक्रिया हा परिणामांचा हिशेब आहे: दोन बदल एकत्र केल्यावर जे दिसतं ते दोघांच्या वेगवेगळ्या परिणामांवरून अपेक्षित होतं का?

आकड्यांत पाहा. धडधाकट पेशीची वाढ १ माना. पहिलं जनुक काढल्यावर ०.८ राहिली, दुसरं काढल्यावर ०.७. दोघांचा एकमेकांशी संबंध नसेल तर दोन्ही काढल्यावर ०.८ गुणिले ०.७, म्हणजे ०.५६ यायला हवी. प्रत्यक्षात ०.२ आली, तर नकारात्मक आंतरक्रिया. दोघं एकमेकांची उणीव भरून काढत होते. ०.७ च्या आसपास आली, तर सकारात्मक. बहुधा दोन्ही जनुकं एकाच साखळीतली आहेत, साखळी एकदा तुटल्यावर तिचा दुसरा दुवा तोडून आणखी नुकसान होत नाही. बरोबर ०.५६ आली तर तोही निकालच आहे, आणि बहुतेक जोड्या अशाच निघतात.

६. एकेक काढलं तर पेशी जगते, दोन्ही काढली तर मरते. असं कसं?

पावसाळ्यात गावाला तालुक्याशी जोडणारे दोन रस्ते असतात. एका नाल्याला पूर आला तर फेरा पडतो, पण माणूस पोचतो. दोन्ही नाल्यांना एकदम आला की गाव तुटतं. पेशीचंही तसंच. याला संयुक्त घातकता म्हणतात.

आता खरं उदाहरण, आणि ते मला सगळ्यात जास्त आवडतं. ई. कोलायभोवतीची पेशीभित्तिका विणणारी दोन मोठी प्रथिनं आहेत: पीबीपी-१ए आणि पीबीपी-१बी. त्यांची जनुकं एमआरसी-ए आणि एमआरसी-बी. यातलं कोणतंही एक काढा, पेशी जगते. दोन्ही काढली की भिंत विणली जात नाही आणि पेशी फुटते. एवढं बरंच आधी माहीत होतं.

पुढचं २०१० मध्ये कळलं, आणि दोन गटांनी ते स्वतंत्रपणे दाखवलं. दोन अनोळखी जनुकं होती, नावं वायने सुरू होणारी: वायआरएएम आणि वायसीएफएम. एकेकटी काढली तर विशेष काही नाही. पण वायआरएएमला एमआरसी-बीसोबत काढलं तर पेशी मरते. एमआरसी-एसोबत काढलं तर जगते. वायसीएफएमचं नेमकं उलटं: एमआरसी-एसोबत मरण, एमआरसी-बीसोबत जगणं. आणि ही दोन अनोळखी जनुकं एकमेकांसोबत काढली तरी मरण.

हे चार-पाच निकाल कागदावर मांडून पाहा. वायआरएएम नसताना पेशीची अवस्था पीबीपी-१ए नसल्यासारखी होते, म्हणजे वायआरएएमशिवाय पीबीपी-१ए चालत नाही. वायसीएफएमचं तेच नातं पीबीपी-१बीशी. पुढे दिसलं ते असं, की ही दोन्ही प्रथिनं बाहेरच्या पटलात रोवलेली असतात आणि तिथून आत पोचून आपापल्या विणकऱ्याला चालना देतात. आज त्यांना एलपीओ-ए आणि एलपीओ-बी म्हणतात. कोणती जोडी जगते आणि कोणती मरते एवढ्यावरून दोन निनावी जनुकांना काम मिळालं. वर्गात हे एका तासात फळ्यावर मुलांकडूनच सोडवून घेता येतं. उत्तर आधी सांगू नका.

७. मग सगळ्याच जोड्या का तपासत नाहीत?

चार हजार जनुकांच्या जोड्या होतात सुमारे ८० लाख. हाताने शक्य नाही. २००८ मध्ये ई. कोलायसाठी दोन गटांनी यंत्राने करायच्या पद्धती दिल्या. दोन्हींचा पाया जुनाच, लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्ये दाखवलेलं जिवाणूंचं संयुग्मन, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात डीएनए जाणं. एका वाणात पहिलं जनुक काढून तिथे क्लोरॅम्फेनिकॉलचा प्रतिकार ठेवायचा, दुसऱ्या वाणात दुसरं काढून कॅनामायसिनचा. यंत्र दोघांना प्लेटवर एकाच ठिपक्यात ठेवतं, गुणसूत्राचा तुकडा एकातून दुसऱ्यात जातो, आणि दोन्ही प्रतिजैविकं असलेल्या प्लेटवर फक्त डबल म्यूटंट वाढतो. मग फोटो काढून कॉलनीचा आकार मोजायचा.

एक फसगत ध्यानात ठेवा. दोन जनुकं गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असली तर दोन्ही बदल एकाच पेशीत येणं मुळातच दुर्मीळ होतं. कॉलनी येत नाही आणि ती जोडी घातक वाटते. म्हणून जवळच्या जोड्यांचे निकाल बाजूला ठेवतात.

८. जी जनुकं काढताच येत नाहीत, त्यांचा अभ्यास कसा करतात?

त्यांना पुसून न टाकता दुबळं करून. जुनी रीत तापमानाची: प्रथिनात असा बदल शोधायचा की ते ३० अंशांला चालेल आणि ४२ ला कोलमडेल. नवी रीत २०१३ ची: डीएनए कापणाऱ्या कॅस-९ प्रथिनाचं न कापणारं रूप जनुकावर नेऊन बसवायचं, म्हणजे जनुक तिथेच राहतं पण त्याचं वाचन मंदावतं. किती मंदावायचं तेही ठरवता येतं.

आपल्याकडे पहिल्या रीतीत एक अडचण आहे जी पुस्तकात नसते. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, आणि "रूम टेंपरेचर" म्हणून बाकावर ठेवलेली प्लेट मरणाच्या तापमानात पडलेली असते. प्रश्न ३ मधली लॅम्डाची प्रथिनं ज्या पीकेडी४६ प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनएवर) असतात ते ३० अंशांला टिकतं आणि ३७ ला पेशीतून निघून जातं. साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. उन्हाळ्यात असं काम करायचं तर कूलिंग असलेलं यंत्र लागतं, नाहीतर ते हिवाळ्यासाठी राखून ठेवा.

९. ट्रान्सपोझॉन वापरून एकदम सगळी जनुकं तपासतात म्हणे. मग एकेक काढायची गरज काय?

ट्रान्सपोझॉन म्हणजे डीएनएचा उडी मारणारा तुकडा. तो जिथे बसतो ते जनुक मोडतं. एकाच फ्लास्कमध्ये लाखो पेशी, प्रत्येकीत तो वेगळ्या जागी. त्यांना काही पिढ्या वाढवायचं आणि आधी-नंतर सगळ्या जागा वाचून मोजायच्या. जी जनुकं मोडलेल्या पेशी यादीतून गळतात ती त्या परिस्थितीत गरजेची. २००९ मध्ये ही पद्धत न्युमोनियाच्या जिवाणूवर मांडली गेली. सुरुवातीलाच एक जनुक काढलेला वाण घेतला तर त्या जनुकाचे सगळे जोडीदार एकाच प्रयोगात कळतात.

मर्यादाही आहेत. लहान जनुकात तुकडा योगायोगानेच बसला नसेल तर ते उगाच अत्यावश्यक ठरतं. जनुकाच्या शेपटाकडे बसला तर प्रथिन चालूच राहतं. आणि फ्लास्कमध्ये शेजारची पेशी बाहेर सोडते ते अन्न मोडकी पेशीही खाते, त्यामुळे काही दोष झाकले जातात. यादी हाती आली की त्यातली महत्त्वाची जनुकं एकेक काढून तपासावीच लागतात.

१०. आम्ही हरभऱ्याला, सोयाबीनला जिवाणूचं पाकीट लावतो. त्याचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. फुलोऱ्याच्या सुमारास झाड मुळासकट हळूच उपटा, मुळावरची एक गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी-लाल दिसली तर गाठ काम करते आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनाचा. पांढुरकी किंवा हिरवट दिसली तर नत्र बांधलं जात नाही.

गाठ बसवण्यासाठी जिवाणूला नॉड गटातली जनुकं लागतात, आणि हवेतला नत्र बांधायला निफ गटातली. नॉड-सी मोडलेल्या जिवाणूने गाठच येत नाही. निफ-एच मोडलेल्याने गाठ येते, पण नत्र नाही, झाड पिवळंच. आता दोन्ही मोडा: गाठ येत नाही, म्हणजे दिसतो तो नॉड-सीचाच परिणाम. एका जनुकाने दुसऱ्याचा परिणाम असा झाकला की त्याला एपिस्टॅसिस म्हणतात. ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटसन यांनी मांडली. त्यावरून क्रम कळतो, की नॉड-सीचं काम आधी, निफ-एचचं नंतर.

शेतासाठी याचा अर्थ असा. मुळातून पाझरणारी रसायनं ओळखणारं नॉड-डी जनुक जिवाणूगणिक वेगळं असतं, म्हणून हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही. बुरशीनाशक लावायचं तर आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी, आणि बियाणं सावलीतच सुकवा. युरिया जास्त पडला की गाठी कमी येतात.

११. बीटी कापसात दोन जनुकं आहेत. तीही आंतरक्रियाच का?

नाही. ती जनुकं बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची आहेत. एका जनुकाच्या कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांच्या कापसाला २००६ मध्ये. दुसरं घातलं ते दोन्ही विषं अळीच्या आतड्यात वेगवेगळ्या जागी चिकटतात म्हणून, म्हणजे त्यांनी एकमेकांवर अवलंबून नसावं हाच हेतू होता. गुलाबी बोंडअळीने पुढे दोन्हींना दाद देणं सोडलं आणि आपल्या भागात पऱ्हाटीचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तो बदल अळीच्या जनुकांतला. त्याचा या पानावरच्या विषयाशी संबंध नाही.

१२. टीबीच्या औषधाला दाद न देणारा जंतू दुबळा असतो असं वाचलं. मग तो पसरतो कसा?

रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध ज्या प्रथिनाला धरतं त्याचं जनुक आरपीओ-बी. त्यात बदल झाला की औषध बसत नाही, पण ते प्रथिन जनुकं वाचणाऱ्या यंत्राचाच भाग आहे, त्यामुळे अनेकदा पेशीचा वेग मंदावतो. पुढे काही वंशांत आरपीओ-सी किंवा आरपीओ-ए या जोडीच्या जनुकांत दुसरा बदल होतो आणि गेलेला वेग परत येतो. प्रश्न ५ मधल्या हिशेबात ही ठळक सकारात्मक आंतरक्रिया आहे: पहिल्या बदलाचा तोटा दुसरा भरून काढतो. औषध मध्येच सोडलं की अशा वंशांना पुढे सरकायला वाट मिळते, म्हणून गोळ्यांचा कोर्स पुरा करा. स्वतःच्या रिपोर्टचा अर्थ मात्र डॉक्टरांकडूनच समजून घ्या.

१३. दत्तपूर, आनंदवन आपल्याकडेच आहेत. कुष्ठरोगाच्या जंतूवर असे प्रयोग का होत नाहीत?

कारण मायकोबॅक्टेरियम लेप्री प्लेटवर वाढतच नाही. त्याला उंदराच्या तळपायात किंवा आर्माडिलो या प्राण्यात वाढवावं लागतं, आणि दुप्पट व्हायला त्याला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. जनुक काढायचं, कॉलनी निवडायची, हे सगळं तिथे बंद.

तरी २००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा खूप काही हाती आलं. टीबीच्या जंतूत सुमारे ४,००० जनुकं आहेत. लेप्रीत चालू जनुकं १,६०० च्या आसपास आणि मोडून पडलेली सुमारे १,१००. निसर्गाने स्वतःच केलेली ही एक मोठी मोडतोड आहे. कोणती जनुकं एकत्र गेली आणि कोणती एकत्र टिकली हे पाहून कोण कोणाच्या साखळीत आहे याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, तो टीबीच्या किंवा दुसऱ्या वाढणाऱ्या मायकोबॅक्टेरियमवर तपासून घ्यावा लागतो.

१४. जनुक काढल्यावर परिणाम दिसला. आता तो त्याच जनुकामुळे आहे हे पक्कं ना?

अजून नाही. तीन ठिकाणी गफलत होते. जिवाणूंची जनुकं बऱ्याचदा एका ओळीत एकत्र वाचली जातात. ओळीतलं आधीचं मोडलं की त्यानंतरची मुकी होतात आणि दोष भलत्यावर जातो. दुसरं, बनवताना कुठेतरी आणखी एखादा बदल झालेला असू शकतो. तिसरं, दुबळ्या पेशीतून सुधारलेली पेशी पुढे येते आणि प्लेट ताब्यात घेते. लॅक-झेड पुरतं काढलेल्या पेशींना लॅक्टोजवर बरेच दिवस ठेवलं तर काहींत ईबीजी-ए नावाच्या भलत्याच जनुकात आणि त्याच्या नियंत्रकात बदल होतो आणि त्या लॅक्टोज खाऊ लागतात.

उपाय एकच, आणि तो टाळू नका: काढलेलं जनुक प्लाझ्मिडवर परत द्या. परिणाम गेला तर जनुक तेच.

१५. ई. कोलायमध्ये जी जोडी घातक, ती सगळ्या जिवाणूंत घातक असेल का?

धरून चालू नका. प्रश्न ६ मधल्या पीबीपी-१ए आणि १बीसारखी चार प्रथिनं बॅसिलस सबटिलिसमध्ये आहेत. २००३ मध्ये ती चारही काढली गेली आणि पेशी जगली, हळू वाढली पण जगली. कारण पुढे २०१६ च्या सुमारास कळलं: आर-ओ-डी-ए हे वेगळ्याच कुळातलं प्रथिनही भिंतीचे धागे बनवतं. ई. कोलायमध्येही ते आहे, पण तिथे त्याच्या एकट्याच्या बळावर भागत नाही.

१६. आमच्या कॉलेजात एक ऑटोक्लेव्ह आणि एक इन्क्युबेटर आहे. आम्ही यातलं काय करू शकतो?

जनुक काढणं-घालणं करू नका. जनुक बदललेल्या जिवांबाबतच्या १९८९ च्या नियमांनुसार त्यासाठी संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. पण त्याशिवायही खरं काम होतं. पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या जिवाणू-संग्रहातून ई. कोलायचा लॅक्टोज खाणारा आणि न खाणारा असे दोन निरुपद्रवी वाण कॉलेजच्या नावाने मागवा. मॅकॉन्की अगारवर पहिल्याच्या कॉलनी गुलाबी येतात, दुसऱ्याच्या बिनरंगी. मग दोन्ही साध्या न्यूट्रिएंट अगारवर लावा; फरक नाहीसा होतो. प्रश्न १ आणि ४ मुलांच्या डोळ्यांसमोर उभे राहतात.

दुसरं काम फोनवर होतं. ई. कोलायच्या जनुकांची माहिती देणाऱ्या सार्वजनिक संग्रहांत वायने सुरू होणारं एखादं जनुक निवडा, शेजारी कोण आहे, कोणत्या परिस्थितीत म्यूटंट दुबळा पडतो, ते जमवा आणि त्याच्या कामाचा अंदाज लिहून काढा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हे पुरतं, आणि विकत काही आणावं लागत नाही.

वापरलेल्या प्लेटी १२१ अंशांवर किमान वीस मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाका. लाईट मध्येच गेली तर आल्यावर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजा.